पालथं पातेलं

१

गावाचं नाव मी लिहिणार नाही. बिलोलीहून धर्माबादकडे जाताना डाव्या हाताला लागतं, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी चौकशा करू नयेत.

त्या गावच्या शाळेत एका सोमवारी ऐंशी लेकरांची खिचडी खड्ड्यात सापडली. स्वयंपाकखोलीच्या मागे कचऱ्यासाठी खड्डा खणलेला आहे. त्यात कुणीतरी सगळी खिचडी ओतून वर माती लोटली होती आणि मातीतून अजून वाफ येत होती. आत ओट्यावर पातेलं पालथं पडलेलं. खिचडी करणारी पंचशीला नळाजवळ पदर तोंडाला लावून बसलेली आणि भोवती अर्धं गाव उभं.

“कुणी केलं गं?” लोक विचारत होते. ती नुसती मान हलवत होती.

मी निवृत्ती. तालुक्याच्या दवाखान्यात आरोग्य सहाय्यक आहे. घरोघर ताप बघणं, रक्ताचे नमुने घेणं, पाण्याच्या टाक्यांत औषध टाकणं हे माझं काम. मला साखरेचा आजार आहे. तो विषय पुढे येईल, तेव्हा हसू नका.

गाव आधीच तापलेलं होतं. तीन आठवड्यांत सहा लेकरांना मुदतीचा ताप आला होता, म्हणजे टायफॉइड. सहाही नांदेडला दाखल होती. त्यातल्या एका पोराचं आतडं फुटलं आणि मध्यरात्री पोट उघडावं लागलं. गावानं मनाशी निकाल लावून टाकला होता. सहाही लेकरं ह्या शाळेतली, आणि शाळेत शिजतं ते पंचशीलाच्या हातचं. त्यावर आणखी एक मुद्दा होता. तो लोक आधी कुजबुजत होते, आता उघड बोलत होते. सहांपैकी एकही लेकरू बौद्धवाड्यातलं नव्हतं.

“तिच्या गल्लीत एकालाबी ताप न्हाई. कामून?” एकजण मला म्हणाला. ह्या ‘कामून’चं, म्हणजे ‘का’चं, उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि त्याची मला मनातून लाज वाटत होती, कारण मीही त्याच समाजातला.

गुरुवारी शाळेच्या समितीची बैठक होती. त्यात पंचशीलाला कामावरून काढण्याचा ठराव येणार होता. नवरा गेलेला, एक मुलगी पदरात. काम जाईल त्याहून वाईट म्हणजे लेकरांना आजारी पाडणारी बाई हे नाव जन्मभर चिकटेल. मग तिला कुणी शेतात निंदणीलासुद्धा बोलावलं नसतं.

तेवढ्यात जीप आली आणि डॉक्टर लुंबिनी उतरल्या. नांदेडहून साथीचा शोध घ्यायला त्यांना पाठवलं होतं. वयानं माझ्या मुलीएवढ्या. बोलतात कमी आणि बोलतात तेव्हा बहुधा प्रश्नच विचारतात. त्यांनी गर्दीकडे पाहिलंही नाही. सरळ स्वयंपाकखोलीत शिरल्या.

“निवृत्तीमामा, लोक काय म्हणतात?”

“कुणीतरी रागानं ओतून दिलं म्हणतात, मॅडम. लोक चिडलेलेच हायत तिच्यावर.”

“रागावलेला माणूस जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करतो का?”

मी वाकून बघितलं. रेग्युलेटर बंद होता. पातेल्याचं झाकण भिंतीला टेकवून नीट उभं केलेलं, आणि पळी जमिनीला लागू नये म्हणून त्या पालथ्या पातेल्याच्या बुडावर आडवी ठेवलेली.

“आणि खड्ड्यावर माती कशाला? रागात असता तर अंगणभर उधळून दिली असती,” मॅडम म्हणाल्या. “कुत्र्याकोंबड्यांनीसुद्धा ते खाऊ नये असं कुणाला तरी वाटलंय.”

त्या बाहेर आल्या, पंचशीलाच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, तुमची तपासणी करून टाकू. सगळ्यांचीच करतोय. मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही.”

पंचशीला दचकून उठली. “मी देणार न्हाई तपासणी,” ती म्हणाली. “अन् घरी तं येऊच नका.”

गर्दीतून कुणीतरी समाधानाचा हुंकार दिला. मला तर वाटलं, संपलं. बाईनं आपल्याच हातानं आपलं नाव लिहून दिलं.

२

मॅडमना मात्र काही संपल्यासारखं वाटलं नाही. त्या दिवशी आम्ही गावभर हिंडलो.

पहिला संशयित म्हणजे पाणी. बसवंत हा पाणी सोडणारा माणूस, देगलूरकडचा. बोलताना अधूनमधून कानडी शब्द पेरतो आणि व्हॉल्वची चावी मुलासारखी खांद्यावर घेऊन फिरतो.

“मॅडम, माझ्या पाण्यात खोट असती तर म्हातारीकोतारी आधी पडली असती,” तो म्हणाला. “ही सहाच लेकरं कशी निवडली पाण्यानं? त्यातल्या दोघांच्या घरी तर बोअर हाय, माझं पाणीच पीत न्हाईत ते.”

तरीही मॅडमनी नमुने घेतले. पण वाटेत त्या म्हणाल्या, “बरोबर बोलला तो. घरातलं दुसरं कुणीच आजारी नाही. धाकटी भावंडं नाहीत, आया नाहीत.”

दुसरा सटवाजी कुल्फीवाला. धर्माबादहून बर्फ आणतो आणि सायकलवरून गावोगाव कुल्फी विकतो. आम्हाला पाहताच त्यानं हात जोडले. त्या बिचाऱ्याचा धंदा तीन आठवडे बसलेलाच होता.

“कुणाकुणाला दिली म्हणून सांगू, साहेब? पण त्या ऑपरेशनवाल्या पोराला कधीच न्हाई. त्याचा बाप रुपया हातावर ठेवत न्हाई त्याच्या.”

मी मनातल्या मनात कुल्फी खोडली. जड मनानं, कारण कुल्फीवर माझा फार जीव.

मग आयांना भेटलो. प्रत्येकीला मॅडम तेच विचारत. लेकरानं काय खाल्लं, काय प्यायलं, कुठं? आणि उत्तर तेच. शाळेत खिचडी, घरी भाकरी. बाहेरचं काही नाही. एकीनं तर डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ह्या उत्तरानं सगळी वाट फिरून फिरून पंचशीलाच्याच चुलीपाशी येत होती.

शाळेच्या देविका बाईंनी हजेरीपट समोर ठेवला. सहा लेकरं चार वेगवेगळ्या वर्गांतली, वेगवेगळ्या गल्ल्यांतली. एकमेकांची खास दोस्तीही नाही.

“अभ्यासात सगळी यथातथाच,” देविका बाई हसून म्हणाल्या. “घंटा व्हायच्या आधी दप्तर पाठीवर. घंटा झाली की फाटकाबाहेर. मी ओरडून ओरडून थकले.”

मला एक आठवलं आणि मी सांगून टाकलं. नांदेडला वॉर्डात मी सहाही जणांना पाहिलं होतं, आणि सहाही जणांचे गुडघे फुटलेले होते. जुन्या-नव्या खपल्या. मी ते गंमत म्हणून सांगितलं.

मॅडम हसल्या नाहीत. “सहाही जणांचे?” त्यांनी विचारलं आणि बराच वेळ फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

३

संध्याकाळी आम्ही शरदचंद्र कुंडलवाडीकर गुरुजींकडे गेलो. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. समितीत ते शिक्षणप्रेमी म्हणून आहेत, पण चालतं त्यांचंच. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि माणूस सरळ आहे हे मला मान्यच करावं लागेल. पंचशीलाला काढायचा ठराव त्यांच्याच अक्षरात होता.

“माझ्या मनात जातपात नाही, डॉक्टर,” ते म्हणाले. “प्रश्न स्वच्छतेचा आहे. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लोक म्हणतायत, शोध घ्यायला आलेले दोघंही तिकडचेच. ते आपल्या माणसालाच सांभाळणार.”

“लोकांना सांगा गुरुजी, माझा अहवाल नीट तपासा,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

तेवढ्यात कुसुमकाकू पोहे घेऊन आल्या. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. गावात त्यांच्यासारखी मायाळू बाई शोधून सापडायची नाही. नातू राघवेंद्र परदेशात. ह्या वर्षी तो सुट्टीला आला नाही, म्हणून काकूंचा जीव सारखा लेकरांच्या आवाजाकडे. आजारी पोरांची त्यांनी एकेक करून चौकशी केली.

“तो कुरळ्या केसांचा कसा आहे हो? त्याच्या गुडघ्याला मी हळद दाबली होती. आणि ती पुढचा दात पडलेली?” बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

“तुम्ही नाही घेत पोहे?” मॅडमनी विचारलं.

“तेलाचं सोसत नाही मला. पित्त आहे जुनं.” काकूंनी उजव्या बरगडीखाली तळवा दाबला. “खाल्लं की इथून पाठीत कळ जाते. वर्षानुवर्षांचं आहे, त्याचं काय.”

आत देवघरात समई तेवत होती. देवासमोर चांदीची वाटी, तिच्यावर जाळी. मी सहज विचारलं, तर काकू म्हणाल्या, “चातुर्मासाचा नेम आहे.” आणि विषय पुन्हा लेकरांवर गेला.

तिथून मॅडमनी जीप बौद्धवाड्याकडे वळवायला सांगितली. मी म्हणालो, “तिनं येऊ नका म्हणून सांगितलंय.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच जायचंय.”

पंचशीला दारातच उभी राहिली. आत येऊ देईना.

“मुलगी कुठाय?” मॅडमनी विचारलं.

“समीक्षा मामाकडं गेलीय. लातूरला.”

मॅडमची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि त्याखाली खिळ्याला लटकवलेलं पदक. तालुक्यात धावण्यात पहिली आल्याचं. उंबऱ्याशी लहान मापाचे पळायचे बूट होते. मागच्या दोरीवर पांढऱ्या फडक्याच्या पट्ट्या ओळीनं वाळत होत्या.

“ताई,” मॅडम फार मऊ आवाजात म्हणाल्या, “कपाळावर किती दिवस घड्या ठेवताय?”

पंचशीला तिथंच दारात खाली बसली. आतून एक बारीक आवाज आला, “आई, पाणी.”

४

त्याच जीपमधून आम्ही समीक्षाला नांदेडला नेलं. वाटभर पंचशीला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि थांबून थांबून बोलत होती.

“सकाळी खिचडी चढवून घरी आले हिला बगायला. कपाळाला हात लावला तं तव्यावानी. दोन दिवसांचा साधा ताप समजत व्हते. मग मनात आलं, सहा लेकरं पडली, आता मव्हं बी. हातच वाईट असल मव्हा. अन् तिकडं ऐंशी लेकरं ह्या हातचं जेवणार. पळत गेले अन् सगळी खिचडी ओतून दिली.”

“आणि बोलली का नाहीस?” मी चिडून विचारलं. चिडलो होतो ते तिच्यावर नाही.

“काय बोलू, भाऊ? गाव म्हणलं असतं, बगा, तिच्याच घरात ताप व्हता.”

मॅडमनी मागे वळून तिचा हात हातात घेतला. “उकळत्या खिचडीत हे जंतू जगत नाहीत, ताई. हात वाईट नाही तुमचा. ज्या हातानं ऐंशी लेकरांसाठी पातेलं पालथं केलं तो वाईट कसा असेल?”

पंचशीला रडली. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो. सांगायला लाज कसली?

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की मुलीला आणायला अजून दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. आता सलाईन, शिरेतून औषध आणि वाट बघणं. गावात ह्याआधी कुणी कुणी दुकानातून दोनचार गोळ्या घेऊन वेळ मारून नेली होती. अशानं ताप दबतो, जंतू मात्र औषधाला सरावतात, हेही त्यांनी ऐकवलं. पंचशीलानं आपणहून तपासणीला नमुना दिला.

आता आजारी लेकरं सात झाली होती, आणि गावाच्या ‘कामून’चा पायाच ढासळला होता. पण नवा प्रश्न आला. समीक्षाचं घर बाकी सहा जणांच्या घरांपासून गावाच्या अगदी उलट्या टोकाला. तिला हा ताप कुठून आला?

दुपारी मी जरा पाय मोकळे करून आलो. नांदेडला आलो की गुरुद्वाऱ्यात डोकं टेकवल्याशिवाय माझी फेरी पुरी होत नाही. परत आलो तर मॅडमनी माझा चेहरा पाहिला आणि बोटाला सुई टोचून साखर मोजली. यंत्रावरचा आकडा इथं लिहिण्यासारखा नाही.

“काय खाल्लं, मामा?”

“काही नाही मॅडम. चहासुद्धा बिनसाखरेचा.”

“बोटांना तूप कसलं?”

“हे होय? कडा प्रसाद घेतला जरासा.”

“मग खाल्लं ना!”

“मॅडम, प्रसाद म्हणजे काय खाणं झालं का?” मी खरोखर मनापासून म्हणालो.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“मामा, परत म्हणा.”

“प्रसाद म्हणजे खाणं नव्हे.”

“आणि आपण सगळ्या आयांना काय विचारलं? काय खाल्लं, काय प्यायलं. कुणीच खोटं बोललं नाही. आपणच चुकीचं विचारलं.”

त्या तडक समीक्षाच्या पलंगाशी गेल्या. पंचशीलाला गरम पाणी आणायला पाठवलं आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवत विचारलं, “बाळा, शाळा सुटल्यावर तुझ्या हातावर कुणी काही ठेवत होतं का?”

मुलीनं आधी दाराकडे पाहिलं.

“आईला सांगू नका. आमच्यात तीर्थ-प्रसाद घेत न्हाईत.”

“नाही सांगत. तूच सांगशील, बरी झाल्यावर. गोड असतं ते?”

“लई गोड. केळं असतंय त्यात.” आणि मग त्या तापलेल्या चेहऱ्यावर एकदम अभिमान आला. “काकू रोज पाच जणांलाच देतेत. जे आधी पोचतेत त्यांलाच. मव्हं घर उल्ट्या बाजूला हाय, तरी मी पाचात येते. कवा कवा तं पयली.”

“कुठल्या काकू?”

“गुरुजींच्या.”

५

बाहेरच्या बाकावर बसून मॅडमनी मला सगळं सांगितलं. मी ते जसंच्या तसं देतो.

काकूंचा नेम होता, चातुर्मासात रोज पाच लेकरांच्या हातावर पंचामृत ठेवायचं. नातू आला नाही म्हणून ह्या वर्षी पहिल्यांदाच धरलेला. पाचच म्हणजे जे पळण्यात पुढे तेच. म्हणून सगळ्यांचे गुडघे फुटलेले, म्हणून वर्ग वेगळे, गल्ल्या वेगळ्या, म्हणून घरातली म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं ठणठणीत. बौद्धवाड्याची लेकरं शाळेतून गुरुजींच्या घराच्या उलट्या दिशेला जातात, त्यामुळे तिकडे ताप गेला नाही. गेली ती एकटी समीक्षा, कारण तिला कुणी हरवू शकत नव्हतं.

“पण काकूंना तर काही झालेलं नाही,” मी म्हणालो.

“आत्ता नाही. कधीतरी झालं असणार. शंभरातल्या दोनचार माणसांचा ताप जातो, पण जंतू पित्ताशयात घर करून राहतात. तिथं खडे असले तर आणखीच. माणूस ठणठणीत दिसतो आणि वर्षानुवर्षं ते बाहेर पडत राहतात. ती उजव्या बाजूची कळ आठवते? ह्या तापानं जगात दर वर्षी लाखाच्या आसपास माणसं जातात, मामा. त्यांत आपल्याकडची लेकरं किती! आणि जिच्याकडून येतो तिला पुष्कळदा पत्ताही नसतो.”

बुधवारी आम्ही काकूंच्या बैठकीच्या खोलीत बसलो होतो. मॅडमनी हळूहळू विचारलं. हो, पहिल्या बाळंतपणानंतर मुदतीचा ताप आला होता, महिनाभर अंथरुणावर होत्या. हो, दूध-दही-मध सकाळी, केळं मात्र शाळा सुटायच्या आधी कुस्करून घालायचं, ताजं.

“हात धुऊन?”

“म्हणजे काय! पाण्यानं दोनदोनदा.”

“साबणानं?”

“देवाच्या कामाला साबण कसा लावायचा?” काकूंनी निरागसपणे विचारलं.

मॅडमनी मग सगळं समजावलं. गुरुजी ताडकन उठले. “हे शक्य नाही! हिचं सोवळं कडक आहे. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही ही.”

“ठाऊक आहे, गुरुजी. काकूंइतकी नेटकी बाई मी पाहिली नाही. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि नुसत्या पाण्यानं हातावरून जात नाहीत. मी तपासणीशिवाय शिक्का मारणार नाही. नमुना द्या, निकालाला काही दिवस लागतील.”

काकू आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या. “माझ्या हातानं?”

“तुमची चूक नाही, काकू. तुम्हाला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं म्हणून त्या पोराचं फाटलेलं पोट सांधणार आहे का?”

मॅडमनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “ह्यावर औषध आहे. जमलं तर पित्ताशय काढून टाकता येतं. आणि एक सांगते. तुमचं नाव माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. रुग्णाचं नाव आम्ही उघड करत नाही.”

गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. लपवण्याचा प्रयत्नही केला नाही त्यांनी, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण काकूंनी मान वर केली. “मग उद्या पंचशीलाचं काय?” त्यांनी विचारलं.

मॅडमनी उचललेली बॅग पुन्हा खाली ठेवली. तोच काटा त्यांना सलत होता.

६

गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. मॅडम म्हणाल्या, खिचडीतून हे आलेलं नाही, पंचशीलाताईंची मुलगीही ह्याच तापानं दवाखान्यात आहे. लोक चपापले, पण क्षणभरच.

“मंग कुणापासून आलं ते सांगा की! सांगत न्हाई म्हंजे पाणी मुरून राहिलंय. न्हाई तं बाईला काढा.”

“नाव सांगणं माझ्या हातात नाही,” मॅडम म्हणाल्या. आवाज थकलेला होता.

गर्दीत एकच गलका झाला. पंचशीला खांबाला टेकून उभी होती. लेकराला शेजारणीवर सोपवून ती एवढ्यासाठी नांदेडहून आली होती. सगळे गुरुजींकडे बघू लागले. ठराव त्यांच्या हातात होता. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

तेवढ्यात मागची माणसं आपोआप बाजूला झाली. कुसुमकाकू आल्या होत्या. त्यांना ह्या व्हरांड्यात मी कधी पाहिलं नव्हतं.

“मी सांगते नाव,” त्या म्हणाल्या. “माझं आहे. लेकरांना रोज पंचामृत मी देत होते, आणि हा ताप त्यातूनच गेला असणार. निकाल यायचा तेव्हा येईल. तोवर ह्या बाईला कुणी बोट लावायचं नाही.”

ऑपरेशन झालेल्या पोराची आई पुढच्याच रांगेत होती. काकू तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले. त्या बाईनं काकूंचे जोडलेले हात धरून खाली केले. मग म्हणाली, “तुमची आठवण काढतंय ते. काकूकडं जायचं म्हणतंय.” आणि दोघी रडू लागल्या.

गुरुजी उठले. ठरावाचा कागद त्यांनी चार तुकडे करून खिशात घातला. “पंचशीलाबाई,” ते म्हणाले, आणि बाई हा शब्द त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदाच वापरला, “मी विचार न करता लिहिलं. मला माफ करा.”

पंचशीलानं मान हलवली. काकू तिच्याजवळ गेल्या.

“पळणारी ती तुझी पोर होय? मला ठाऊक नव्हतं गं. मी नुसते हात मोजायचे.”

“ठाऊक असतं तं?” पंचशीलानं सरळ विचारलं.

काकूंनी खोटं उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, “तर तुला आधी विचारलं असतं, देऊ का म्हणून.”

“अन् मी न्हाई म्हणले असते,” पंचशीला म्हणाली. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांवर हसू आलं.

७

निकाल मॅडमच्या अंदाजाप्रमाणेच आला. पंचशीलाचा नमुना स्वच्छ, काकूंचा दूषित. काकूंनी औषधं घेतली, आणि नांदेडला त्यांचं खड्यांनी भरलेलं पित्ताशय काढलं. शाळेत मॅडमनी टायफॉइडच्या लशीचं शिबिर लावलं. पहिली सुई गुरुजींनी स्वतः टोचून घेतली आणि लेकरांसमोर तोंड वाकडं केलं नाही. नळापाशी साबण आला. सातही लेकरं घरी परतली. समीक्षा सगळ्यांत शेवटी, काडीसारखी होऊन. धावणं मात्र वर्षभर बंद.

काकू नंतरच्या तपासण्यांत स्वच्छ निघाल्या, तरी कुणाच्या हातावर काही ठेवायला धजत नव्हत्या. नेम अर्धा राहिला होता आणि चातुर्मास संपत आला होता. त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत, पण गावात काय लपतं?

दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी मला पंचशीलाचा निरोप आला, मॅडमना घेऊन या. आम्ही पोचलो तेव्हा ती गुरुजींच्या ओट्यावर उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात साबण आणि पायाशी केळ्यांची फणी.

“आमच्यात नेम-बिम न्हाई, काकू,” ती म्हणाली. “पण तुमचा अर्धा राहिलाय ते बरं दिसत न्हाई. हात करा पुढं.”

तिनं काकूंच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला, आणि बोटांच्या बेचक्यांतसुद्धा चोळायला लावलं. मग सालीसकट केळी त्यांच्या हातात दिली. “सालीच्या आत कुणाचा हात जात न्हाई. लेकरं आपली सोलून खातील.”

शाळेची घंटा झाली. रस्त्यावर धूळ उठली. पहिला तो कुरळ्या केसांचा आला, मग दात पडलेली, मग आणखी दोघं. चार केळी गेली. मागून पंधरावीस पोरं धापा टाकत ओट्याशी येऊन थडकली आणि तिथंच थांबली. काकू पाचवं केळं धरून उभ्या, पण एकही हात पुढे येईना.

“अरे घ्या की,” काकू म्हणाल्या.

“न्हाई काकू,” कुरळ्या म्हणाला. “पाचवी येऊन राहिली.”

सगळी पोरं रस्त्याकडे बघत होती. लांबून, दप्तर मैत्रिणीच्या हातात देऊन, समीक्षा चालत येत होती. मध्येच थांबायची, दम घ्यायची, पुन्हा चालायची. तिला यायला फार वेळ लागला, आणि तोवर कुणी जागचं हललं नाही.